तहान लागण्याआधी

आईला एकाहत्तरावं लागलं त्या दिवशी भावानं विचारलं, "आई, काय हवंय सांग." आम्हाला वाटलं साडी म्हणेल, फार तर काशी म्हणेल. ती म्हणाली, "मला वाळवंट बघायचंय."

नाशिक जिल्ह्यात पेठच्या बाजूला, डोंगरातल्या एका पाड्यावरच्या शाळेत आईनं एकतीस वर्षं शिकवलं. दरवर्षी भूगोलात वाळवंटी प्रदेशाचा धडा यायचा. ती फळ्यावर खडूनं उंट काढायची, खजुराची दोन झाडं काढायची आणि मुलांना सांगायची, तिथं दिवसा भाजतं आणि रात्री थंडीनं कुडकुडतं. एका वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलंय?" आईनं खरं काय ते सांगितलं, नाही पाहिलं. त्या मुलीचं आता लग्न होऊन तिची मुलं शाळेत जात असतील. आईच्या मनातून मात्र तो प्रश्न काही गेला नव्हता.

भाऊ म्हणाला, जैसलमेरला जाऊ. पण आईनं टीव्हीवर पेट्रा पाहिलं होतं. डोंगर कोरून केलेलं शहर, आपल्या पांडवलेण्यासारखंच, फक्त भोवती वाळवंट. तिला तेच हवं होतं. जॉर्डनला जायचं ठरलं. जाणार आम्ही दोघीच, आणि तयारी सगळी माझ्याकडे.

मी हिशेबनीस आहे. मार्चअखेर संपल्याशिवाय मला रजा मिळत नाही. म्हणून मेचा पहिला आठवडा धरला. जॉर्डनला जायला खरं तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस चांगले, हे मलाही कळत होतं. जून ते ऑगस्ट अगदी टाळावेत. मे म्हणजे काठावरचा महिना. पेट्रा हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे तिथलं ऊन त्या मानानं सोसवतं. पण मृत समुद्र आणि अकाबा खाली आहेत, तिथं पारा सहज पस्तिशीच्या पुढं जातो. शिवाय वसंतात तिकडं 'खमासीन' नावाचे धुळीचे गरम वारे सुटतात, म्हणून नाका-तोंडावर बांधायला कापड हवंच.

कुणालाही सांगितलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "आपण नाशिकचे, आपल्याला उन्हाचं काय!" मला ते वाक्य पटलं नाही, आजही पटत नाही. एप्रिलमध्ये आपल्याकडे चाळीस होतं हे खरं, पण तेव्हा आपण काय करतो? दुपारी एक ते चार मेन रोडवर शुकशुकाट असतो. आपण घरात असतो, पंख्याखाली, माठातलं पाणी हाताशी. ऊन सोसणं आणि उन्हाची वेळ टाळता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहलीला गेलेला माणूस नेमका दुपारी बाराला उघड्यावर चालत असतो, कारण त्यानं तिकीट काढलेलं असतं.

आणि चालणं थोडंथोडकं नाही. पेट्राच्या मुख्य दारापासून ती प्रसिद्ध खजिन्याची इमारत, अल-खझने, जवळपास दोन किलोमीटर आत आहे. त्यातला सव्वा किलोमीटरच्या आसपासचा रस्ता 'सिक' नावाच्या अरुंद घळीतून जातो. तिथं दोन्हीकडं उंच कडे असल्यामुळं सावली असते. पण खजिना ओलांडला की सगळं उघडं. शेवटपर्यंत जाऊन परत यायचं तर आठ किलोमीटर होतात, आणि वर 'मठ' पाहायचा तर आठशेच्या वर पायऱ्या. एकाहत्तरावं लागलेल्या बाईला घेऊन जायचं तर हे आकडे आधी कागदावर मांडायला हवेत. मी मांडले. मठ पहिल्याच दिवशी खोडला.

पण खरी अडचण कागदावर मांडता येण्यासारखी नव्हती. अडचण ही होती, की आई प्रवासात पाणी पीत नाही.

हे वाचणाऱ्या बायकांना मला याहून जास्त सांगायची गरज नाही. पुरुषांसाठी सांगते. आईच्या शाळेत बायकांसाठी सोय नव्हती. ती सकाळी सहाला घरून चहा घेऊन निघायची आणि दुपारी परत येईपर्यंत घोटभरही पाणी घ्यायची नाही. एकतीस वर्षं. ज्या पाड्यावर बायका मे महिन्यात हंडा घेऊन दरीत उतरत होत्या, तिथं तिला कुणी आदरानं तांब्या पुढं केला, तरी ती ओठ ओले करून परत द्यायची. मी नोकरीला लागले ती सातपूरच्या एका कारखान्यात. तिथं ऑफिसात आम्ही दोघीच बायका, आणि स्वच्छतागृह एकच, तेही कामगारांच्या रांगेतून जाऊन. मीही आईचंच केलं. दुसऱ्या वर्षी मूत्रमार्गाला संसर्ग झाला, मग खडा झाला. त्या रात्रीच्या कळा मला बाळंतपणातही आठवत होत्या. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? मी हिशेब करून सांगितलं, तर त्या नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या.

त्यामुळं आमच्या घरात प्रवासाचा अलिखित नियम: निघायच्या दोन तास आधीपासून पाणी बंद. वणीला जा, शिर्डीला जा, पुण्याला जा. आईला त्यात गैर काही वाटतच नव्हतं. आणि आता हिला मी वाळवंटात घेऊन जाणार होते.

आम्ही फेब्रुवारीत डॉक्टरांकडे गेलो. आईला रक्तदाबाची गोळी आहे आणि जोडीला लघवी वाढवणारी. डॉक्टरांनी विचारल्यावर कळलं की लग्नकार्याला, यात्रेला जाताना ती दुसरी गोळी परस्पर गाळते. मला हे माहीतच नव्हतं. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांनी समजावून सांगितलं ते मी तसंच लिहिते, कारण म्हाताऱ्या माणसांना घेऊन उन्हाच्या देशात जाणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत हवं. वय वाढतं तशी तहानेची जाणीव कमी होते. शरीराला पाणी हवं असतं, पण घसा ते सांगत नाही. त्यात असल्या गोळ्या पाणी आणि क्षार दोन्ही बाहेर काढतात. मग चक्कर येते, माणूस पडतो, आणि त्या वयात खुबा मोडला म्हणजे सहल तिथंच संपते. त्यांनी गोळीची वेळ आणि प्रमाण प्रवासापुरतं बदलून दिलं. ते त्यांनी दिलं, आम्ही मनानं काही केलं नाही. मी चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं लिहून घेतली, गोळ्या मूळ पाकिटातच ठेवल्या आणि निम्म्या माझ्या पिशवीत, निम्म्या तिच्या.

तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. वाळवंटात ते शब्दशः खरं आहे. आपल्याकडे कोकणात घाम निथळतो, तेव्हा पाणी जातंय हे दिसतं तरी. कोरड्या हवेत घाम कातडीवर येतो आणि तिथल्या तिथं उडून जातो. माणसाला वाटतं, आपल्याला घामच येत नाहीये. मागं राहतं ते फक्त मीठ. संध्याकाळी काळ्या ब्लाउजच्या पाठीवर पांढऱ्या रेघा दिसतात तेव्हा कळतं दिवसभरात किती गेलं ते. म्हणून तिथं पाणी तहानेवर प्यायचं नसतं, घड्याळावर प्यायचं असतं. उन्हात चालताना दर वीस मिनिटांनी पेलाभर. नुसतं पाणीही घटाघटा पिऊ नये, कारण घामातून मीठही गेलेलं असतं. दिवसातून एकदा-दोनदा जलसंजीवनी घ्यावी, खारट काहीतरी खावं. ओआरएसची पाकिटं मी वीस घेतली. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे प्रमाण मी आईला पाठ करायला लावलं. ती हसून म्हणाली, मीच पाड्यावर बायकांना शिकवलंय हे.

आता 'पेलाभर' म्हणजे किती? आई बाटलीला तोंड लावत नाही, उष्टं होतं. वरून ओतून घेतलं की तिला ठसका लागतो. म्हणून तिनं आपलं स्टीलचं फुलपात्र पिशवीत टाकलं. त्यावर बाबांचं नाव कोरलंय, लग्नातलं आहे. मी ते स्वयंपाकघरातल्या मापानं मोजलं, काठोकाठ एकशे ऐंशी मिलिलीटर. पुढं दोन महिने आमचा सगळा हिशेब फुलपात्रांत झाला. घरी बसून दिवसाला आठ, चालण्याच्या दिवशी तासाला तीन.

मार्चच्या मध्यापासून आम्ही शनिवार-रविवारी पांडवलेणी चढायला लागलो. गावाबाहेर मुंबई रस्त्यावर त्रिरश्मी डोंगर, वीस-पंचवीस मिनिटांची पायऱ्यांची चढण. सुरुवातीला सकाळी साडेसहाला जायचो. मग दर आठवड्याला अर्ध्या तासानं उशिरा. एप्रिलच्या शेवटी आम्ही साडेनवाच्या उन्हात चढत होतो. यामागं शास्त्र आहे. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं की घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. थंड खोलीतून उठून थेट वाळवंटात उतरणाऱ्याला पहिले तीन-चार दिवस म्हणूनच फार त्रास होतो. नवे बूटही त्याच पायऱ्यांवर मुरवले. बूट घेताना संध्याकाळी गेलो आणि अर्धा नंबर मोठे घेतले, कारण उन्हात चालून पाय सुजतात.

सगळ्यात जास्त वेळ लागला फुलपात्राला. पहिल्या दिवशी चढून वर गेल्यावर मी पाणी ओतून दिलं तर आई म्हणाली, "घरी जाऊन पिते गं, इथं कुठं जायचं?" ते वाक्य ती विचार करून बोललीच नव्हती. ते तिच्या तोंडून आपोआप आलं. मी तिला पायथ्याशी नेऊन स्वच्छतागृह दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात तिनं एक फुलपात्र घेतलं. चौथ्या आठवड्यात तीन. मधल्या एका रविवारी ती चिडली. म्हणाली, "मला लहान मुलासारखं काय पाजतेस?" मी गप्प बसले. खरं तर मलाही ते अवघड जात होतं, कारण ती पिते का हे बघताना मी स्वतः किती पिते हेही मोजावं लागत होतं, आणि माझा आकडा तिच्याहून कमी भरत होता.

वर लेण्यांपाशी पाण्याची टाकी आहेत, खडकात खोदलेली. दहा नंबरच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात त्यानं लेणं करवल्याचं सांगितलंय आणि त्याच वाक्यात पाण्याच्या टाक्यांचाही उल्लेख आहे. शब्द आहे 'पोढी'. एवढा मोठा दानशूर, गाई दिल्या, घाट बांधले, गावं दिली, पण डोंगरावर माणसं राहणार तर आधी त्यांच्या पाण्याची सोय, हे त्याला सुचलं होतं. साधारण त्याच काळात तिकडं पेट्रात नबाती लोक डोंगर कोरत होते आणि त्यांनाही तेच सुचलं होतं. मी हे घरी वाचून गेले होते. आईला सांगितलं. ती टाक्याच्या काठाशी वाकून बराच वेळ बघत उभी राहिली आणि मग न सांगता पिशवीतून फुलपात्र काढलं.

बाकीची तयारी त्यामानानं सोपी. जॉर्डनचा 'पास' घरूनच ऑनलाइन घेतला. सत्तर ते ऐंशी दिनार पडतात, त्यात पेट्रासकट बरीच ठिकाणं येतात, आणि किमान तीन रात्री राहणार असलात तर व्हिसाचं शुल्क माफ होतं. दिनार डॉलरपेक्षा भारी आहे, साधारण एक डॉलर चाळीस सेंटचा एक, त्यामुळे 'फक्त पाच दिनार' ऐकून फसू नये. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून खात्री करावी. त्या भागातली विमानं परिस्थितीनुसार वळवली किंवा रद्दही होतात, म्हणून विमा काढला आणि बदलता येईल असंच तिकीट घेतलं. शुक्रवार-शनिवार तिकडं सुट्टी. पासपोर्टच्या झेरॉक्स कागदावर घेतल्या, कारण कडक उन्हात फोन तापून बंद पडतो आणि नेमका तेव्हा लागतो.

कपड्यांवरून मात्र घरात चर्चा झाली. भाची म्हणाली, आजीला टी-शर्ट आणि कॅप घेऊ. आई म्हणाली, मी साडीच नेसणार, सुती. मी आईच्या बाजूनं होते. उन्हात अंग उघडं टाकणं म्हणजे हवेशीर राहणं नव्हे, आपले शेतकरी हे पिढ्यान्पिढ्या जाणतात. भर उन्हात ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात आणि डोक्याला उपरणं गुंडाळतात. वाळवंटातले बेदुईन तर अंगभर काळे झगे घालतात. १९८० साली शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलं. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, पण ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोहोचत नाही. सैल कापडाच्या आत हवा खेळते आणि ती घेऊन जाते. रंगापेक्षा सैलपणा महत्त्वाचा. सुती साडीहून सैल दुसरं काय असतं? साडीखाली बूट, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, डोक्यावर ओलं उपरणं, त्यावरून पदर. वाळूत निऱ्या घोळतील म्हणून साडी चार बोटं वर नेसायची, एवढीच तडजोड. चेहरा, हाताची पाठ आणि मान यांना सनस्क्रीन दर दोन तासांनी. आईला ते चिकट वाटायचं, पण लावायची.

पाणी थंड कसं ठेवायचं हा प्रश्न भावानं सोडवला. त्याला लहानपणच्या ट्रकना लटकलेली छागळ आठवली. जाड कापडाची पिशवी, कापड झिरपून ओलं राहायचं आणि वाऱ्यावर आतलं पाणी गार व्हायचं. माठाचंच तत्त्व, आणि हवा जितकी कोरडी तितकं ते जास्त चालतं. छागळ आता कुठं मिळणार? आम्ही स्टीलच्या साध्या बाटलीवर ओला सुती मोजा चढवून गच्चीत वाऱ्याला टांगली, शेजारी एक उघडी बाटली. तासाभरानं दोन्ही गालाला लावून बघितल्या. फरक विचारायची गरज राहिली नाही. चार जुने मोजे धुऊन बॅगेत टाकले.

आणि खसखस. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडून सहज चूक होईल. आमचं विमान आखातात बदलायचं होतं. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोजतात, कारण ती अफूचं बी. थोडी सापडली तरी तुरुंगाची वेळ येऊ शकते. आपल्या गोड्या मसाल्यात खसखस असते. करंजीच्या सारणात असते. आईनं वाटेसाठी करंज्या करायला घेतल्या आणि खसखशीचा डबा उघडला, तेव्हा मी पळत जाऊन तो बंद केला. खसखशीवाचून करंजी तिला अधुरी वाटली, पण तिनं तिळावर भागवलं. गोडा मसाला नेलाच नाही. काही जोरदार वेदनाशामक आणि खोकल्याच्या औषधांवरही तिकडं निर्बंध आहेत, तेव्हा औषधं बरोबर असतील तर चिठ्ठी हवीच.

तिथल्या जेवणाची काळजी मी उगाच केली होती. हमस, फलाफल, वांग्याचं भरीत, ताज्या रोट्या. लबने तर आपला चक्काच, त्यावर जैतुनाचं तेल. आई दोन्ही वेळ लबने खायची आणि म्हणायची, साखर घातली की श्रीखंड.

निघालो रात्री. कसारा घाट उतरून मुंबई विमानतळावर पोहोचायला चार तास लागले. तिथं गेल्यावर मी आईची बाटली उचलली तर भरलेली. दोन महिन्यांच्या सरावानंतर, पहिल्याच प्रवासात ती जुन्या वळणावर गेली होती. मला रडू आलं. मी तिला तिथल्याच बाकावर बसवलं आणि म्हटलं, "आई, हे बघ, ते समोर आहे बाथरूम. मी बॅगा धरून इथं बसते. आपल्याला काही घाई नाही." तिनं दोन फुलपात्रं पाणी प्यायलं. अर्ध्या तासानं उठून गेली, आली, आणि म्हणाली, "किती स्वच्छ आहे गं!" मग मी हॉटेल ठरवताना केलेला कागद तिला दाखवला. रोजच्या वाटेवर कुठं कुठं स्वच्छतागृह आहे याच्या खुणा त्यावर होत्या. पेट्रात दारापाशी आहे, आत काही ठिकाणी आहे, सिकमध्ये नाही. वादी रमच्या वाळवंटात तंबूंच्या मुक्कामी आहे, जीपनं फिरताना नाही. त्यासाठी बायकांना उभ्यानं वापरता येणारं प्लास्टिकचं नरसाळं मिळतं, तेही मी दोन घेतले होते. आईनं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "हे मला शाळेत असताना कुणी का नाही दिलं?"

पेट्राचं दार सकाळी सहाला उघडतं. आम्ही सहाला उभ्या होतो. ठरवलं होतं, अकराच्या आत बाहेर, दुपार खोलीत, चारनंतर पुन्हा. सिकमध्ये गार होतं. दोन्ही कडांना गुलाबी-तांबड्या खडकात, कमरेच्या आसपास, एक खाच सोबत चालत येते. ते नबाती लोकांचे पाट. बाहेर वादी मूसा गावातल्या झऱ्याचं पाणी त्यांनी या घळीतून शहरात आणलं होतं, काही ठिकाणी भाजक्या मातीच्या नळांतून. ज्या जागी वर्षाकाठी जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो तिथं. आपल्या इगतपुरीला तीन हजारांच्या वर पडतो आणि मे महिन्यात त्याच पट्ट्यात टँकर फिरतात. आई त्या खाचेत बोटं घालून चालत होती. खाच जिथं तुटली तिथं थांबायची, पुढं सुरू झाली की पुन्हा बोटं ठेवायची. सिकच्या तोंडाशी त्यांनी बंधारा घालून पुराचं पाणी बोगद्यातून दुसरीकडं वळवलं होतं. शतकांनंतर तो गाळानं निकामी झाला, आणि १९६३ साली अचानक आलेल्या लोंढ्यात फ्रान्सहून आलेले वीसहून जास्त प्रवासी याच घळीत गेले. त्यानंतर बंधारा पुन्हा बांधला. वाळवंटात पाणी नसण्याइतकंच एकदम येणंही जिवावर बेततं. पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी असल्या घळीत पाऊल टाकू नये.

दुसऱ्या दिवशी मात्र चुकलं. उशीर झाला होता, साडेदहा वाजले होते, आम्ही खांबांच्या उघड्या रस्त्यावर होतो. मी फोटो काढत होते. आईला विचारलं, "थकलीस का?" ती म्हणाली, "सोड ना मला." आई असं बोलत नाही. मी विचारलं, आज वार कोणता? ती थोडा वेळ विचार करत राहिली. माझ्या पोटात धस्स झालं. उन्हाचा त्रास सुरू होतो तो असा, चिडचिड, डोकं दुखणं, मळमळ, गोंधळ. अंग तापून माणूस असंबद्ध बोलायला लागला की तो उष्माघात, तिथं एक मिनिटही दवडायचं नसतं, गार पाणी अंगावर ओतत दवाखाना गाठायचा. आई त्या टोकाला गेली नव्हती. एका बेदुईन बाईची चहाची झोपडी जवळ होती, तिथं सावलीत आडवी केली, बूट काढले, पाय उशीवर. उपरणं भिजवून मान आणि काखांशी लावलं आणि पुठ्ठ्यानं वारा घातला. त्या बाईनं न विचारता तिच्या डब्यातलं पाणी आणून दिलं. पाव तासानं आई उठून बसली, जलसंजीवनी घोट घोट घेतली आणि म्हणाली, "मंगळवार." मी तिच्या पिशवीतली बाटली पाहिली. सकाळपासून दोनच फुलपात्रं. मागचं स्वच्छतागृह दूर राहिलं होतं, म्हणून तिनं गाळली होती. मी तिला काही बोलले नाही. माझीही बाटली अर्धी होती.

त्या दुपारनंतर आम्ही एकमेकींना विचारायला लागलो. ती मला विचारायची, "तुझं किती झालं?" वादी रमच्या तांबड्या वाळूत, रात्री शाल पांघरून तंबूबाहेर बसलो होतो, दिवसा भाजणारी वाळू पायाला गार लागत होती. आई ती मुठीत घेऊन सोडत राहिली. म्हणाली, "बरोबर सांगत होते गं मी मुलांना."

यंदा चैत्रात आम्ही वणीच्या गडावर, देवीला निघालो. गाडीत आम्ही दोघी, भाऊ, वहिनी आणि भाचीची मैत्रीण, पहिल्यांदाच आमच्याबरोबर आलेली. दिंडोरीच्या पुढं चहाला थांबलो. बाहेर वणीच्या वाटेवर पायी जाणारे लोक, डोक्यावर भगवी उपरणी, रस्ता तापलेला. आई उतरली आणि गल्ल्यावरच्या माणसाला सरळ, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दादा, बायकांचं बाथरूम कुठंय?" त्यानं मागच्या बाजूला हात केला. आई जाऊन आली, पिशवीतून फुलपात्र काढून भरलं. भाचीच्या मैत्रिणीनं मान हलवली, म्हणाली, नको आजी, गडावर गेल्यावर पिईन. आईनं फुलपात्र तिच्या हातात दिलं.

"पी तू. मी बघून आलेय, मागं आहे. कडी पण लागते."